माशाचा रकाना कोरा ठेवू नका



गेल्या महिन्यात वाई तालुक्यातल्या चार वस्त्यांचे सामूहिक दाव्याचे कागद तपासायला बसलो होतो. जळणाचा रकाना भरलेला. चराईचा भरलेला. हिरडा, मध, शिकेकाई सगळं नीट लिहिलेलं. पण ‘मासे, पाणवठे’ असा जो रकाना सरकारनेच छापून दिलाय, त्यात तीन कागदांवर आडवी रेघ मारलेली आणि चौथ्यावर शब्द लिहिलेला: ‘निरंक’. अक्षर अगदी मोत्यासारखं.

ज्या वस्तीने ‘निरंक’ लिहिलं, त्याच वस्तीत त्या रात्री मी जेवलो. ताटात नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण होतं.

लिहिणारा पोरगा आपलाच, बारावी झालेला, हुशार. त्याला विचारलं, “हे ताटात काय आहे?” तो हसला. म्हणाला, “दादा, मासे काय कागदावर लिहायचे? तालुक्याला लोक हसतील. जमिनीचं लिहिलंय की.” त्याची आजी चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही, पण तिने माझ्या ताटात पोटाकडचा तुकडा वाढला आणि नातवाच्या ताटात शेपटाकडचा. ज्याला मासा कळतो त्याला यातली शिक्षा कळेल. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी पुढे लिहितो.

आधी कायदा. वनहक्क कायदा २००६ चा. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि नियम १ जानेवारी २००८ ला निघाले. म्हणजे वर्षं होऊन गेली. त्या कायद्याच्या कलम ३, पोटकलम १ मध्ये हक्कांची यादी आहे. त्यातल्या खंड (घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातली इतर पैदास यांचा सामूहिक हक्क सांगितला आहे. चराईच्याही आधी मासे आहेत. पुढे नियम १३ मध्ये सामूहिक हक्काला पुरावा कोणता चालतो ते सांगितलंय, त्यात मासेमारीच्या जागा हे शब्द आहेत. आणि त्याच नियमात म्हाताऱ्या माणसांचं तोंडी सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरलेला आहे. पावती नको, सातबारा नको. म्हातारी माणसं पाहिजेत, आणि ती सांगतील ते लिहिणारा हात पाहिजे.

म्हातारी माणसं आपल्याकडे आहेत. लिहिणारा हातही आहे, पण तो ‘निरंक’ लिहितो.

पोराला एकट्याला दोष देत नाही. दोष आपल्या संघटनेचा आहे, या पत्रकाचाही आहे. मागचे अंक काढून बघा. प्लॉटचे दावे, मोजणी, दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या नोटिसा यांनी पानं भरली आहेत. ते बरोबरच आहे. पण मासा या शब्दाने एक ओळही झालेली नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण देतो, ती देताना कातकरी माणूसही हात वर करतो, आणि त्याने उभ्या जन्मात कधी नांगर धरलेला नसतो. त्याचा बाप कात करायचा. खैराचा कात, त्यावरूनच जातीला नाव पडलं. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलं झाली, खैरावर कुऱ्हाड चालवणं गुन्हा झाला, आणि कात करणारा कोळशाच्या भट्टीवर मजूर झाला. राहिलं काय त्याच्या हाती? ओढा, डोह, नदी. पुढे १९२७ चा कायदा आला, त्याच्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात नियम मोडून मासे धरणं हाही गुन्हा लिहून टाकला. वाचून घ्या. शिकार आणि मासेमारी एकाच ओळीत आहे. म्हणजे इंग्रज सरकारला कळलं होतं की मासे हा हक्काचा मामला आहे, म्हणून तर त्यांनी तो काढून घेतला. आता तो परत द्यायचा कायदा झालाय, तर आपण म्हणतो, निरंक.

धरणाचंही तसंच. कृष्णेवर धोमला धरण झालं. जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची ती ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला. तिचं काय झालं, कुणाला कुठे मिळाली आणि कुणाला अजून मिळालेली नाही, ते भांडण धरणग्रस्त भांडतायत आणि आपण त्यांच्या बाजूने आहोत. पण ज्याचं पोट नदीच्या पाण्यावर होतं त्याचा सातबारा कुठला? नदी बुडाली. डोह बुडाले. ज्या खडकांच्या कपारीत हात घालून मासा काढायचा ते खडक कितीतरी पुरुष खाली गेले. डोहाला डोह द्या असं कोणी मागितलं नाही. मागायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता ‘लोक हसतील’ याकडे वळू. हसतात हे खरं आहे. एका कार्यालयात आमच्यातल्या एकाने माशाचा हक्क मागायचाय म्हटल्यावर तिथले साहेब म्हणाले, “अरे, तुमचे ते काट्याचे मासे? ते कोण खातं? कटला टाका, रोहू टाका, पैसे मिळवा.” आणि सगळ्या टेबलांवर हसू झालं.

या ‘कोण खातं’ ला उत्तर दिलं पाहिजे.

मत्स्यखात्याच्या पुस्तकात माशांच्या दोन जाती. एक उपयोगी: कटला, रोहू, मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचं बीज आणून आपल्या धरणांत सोडतात. दुसरी जात म्हणजे निरुपयोगी, टाकाऊ, कचरा मासे. हे कोण? तर ओढ्यात, नदीत मुळापासून राहणारे बोटाएवढे, वितीएवढे खवल्यांचे मासे, ज्यांच्या मांसात बारीक काटा असतो. म्हणजे जो इथला तो कचरा आणि जो बाहेरून आणला तो उपयोगी. हे ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्याविषयी ऐकलेलं असतं.

बीज वाढवायच्या तळ्यातून हे ‘कचरा मासे’ काढायचे कसे, तेही पुस्तकात आहे. मोहाची पेंड टाकायची. हेक्टरी दोन-अडीच हजार किलो. पेंडीच्या विषाने मासे मरून वर येतात, मग तळं साफ. आपल्या माणसाने उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात रामेठ्याची साल ठेचून टाकली की तो विष घालणारा गुन्हेगार, आणि खात्याने पेंड टाकली की ती शास्त्रीय पद्धत. मी विषाची बाजू घेत नाही, त्याचं पुढे लिहिलंय. पण मोजायची पट्टी दोघांना एकच लावा.

आणि ज्यांना कचरा म्हणतात त्यांची नावं कुठे आहेत ते बघा. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची यादी छापली. त्याने शास्त्रातली जी नावं दिली त्यातली काही इथल्या मासे धरणाऱ्यांच्या तोंडातली उचलली: खुद्री, कोलस, मुसल्ला. आजही जगात कुठेही हे मासे त्याच नावांनी ओळखले जातात. नदीकाठच्या बिनशिक्या माणसाने सांगितलेला शब्द साहेबाच्या पुस्तकात १७० वर्षांहून जास्त टिकलाय, आणि आपल्या वस्तीच्या दाव्यात त्याला जागा नाही. वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे. तिथून आठ-दहा कोसांवरच्या वस्तीत एकेका म्हातारीच्या डोक्यात ओढ्याचा कोश आहे. तो तिच्याबरोबर सरणावर जातो.

म्हणून त्या ‘निरंक’वाल्या वस्तीत मी दुसऱ्या दिवशी थांबलो आणि त्या आजीला म्हटलं, सांग, मी लिहितो. नातवालाही बसवलं. तिने जे सांगितलं त्यातलं काही इथे देतोय, कारण पुरावा कसा असतो ते कळावं.

धरणं वर्षभर एकसारखं नसतं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याचं पाणी गढूळ झालं की मासा वर चढतो. अंडी घालायला उथळ पाण्यात, भाताच्या खाचरात जातो. हे चढणीचे मासे. रात्री टेंभा घेऊन जायचं, आता बॅटरी घेतात. खाचराच्या तोंडाशी टोपली लावायची, उरलेले हाताने धरायचे. श्रावणात पाणी निवळलं की गळ, गळाला गांडूळ. दसरा-दिवाळीला पाणी उतरतं तसा मासा परत खाली येतो, तेव्हा ओढ्यात दगडांचा आडवा बांध घालायचा, मध्ये एक वाट ठेवायची, वाटेत बांबूच्या काड्यांची निमुळती टोपली. मासा आत जातो, काड्यांची टोकं आतल्या बाजूला असल्याने बाहेर येत नाही. उन्हाळ्यात डोहात पाग टाकायची, किंवा कपारीत हात. आजी म्हणाली, “कपारीत हात घालताना आधी पाय वाजवायचा. साप असंल तर हालतो. वाम असंल तर हालत न्हाय.”

तिने अकरा डोह नावासकट सांगितले. त्यातले चार आता धरणाच्या पाण्याखाली आहेत, दोन आटलेत. उरलेले पाच जंगलखात्याच्या हद्दीत आहेत. नातू माझ्या शेजारी बसून तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला तीन माहीत होते.

मग साफ करणं. हे बायांचं काम समजतात, म्हणून पुरावा लिहिताना पुरुष ते सांगतच नाहीत. बोटाएवढा मासा असला तर कापायचा नाही. अंगठ्याने पोट दाबायचं, आतडं बाहेर येतं, तीन पाण्यांनी धुवायचं. खवल्यांचा मोठा मासा शेपटाकडून डोक्याकडे खरवडायचा, कोयत्याच्या बोथट बाजूने, आणि पाण्यात धरून, म्हणजे खवलं उडत नाहीत. शिंगाड्याचं आधी दोन्ही कुशीचे काटे मोडायचे. तो मेलेला वाटला तरी काटा ताठ करून बसलेला असतो, हाताला लागला तर दिवसभर ठणका. वाम आणि मरळ बुळबुळीत, त्यांना चुलीतली राख चोळायची, मग हातात राहतात. पोट फाडताना काळजाजवळची हिरवी पिशवी फुटू द्यायची नाही. पित्त फुटलं की अख्खा मासा कडू, कितीही धुवा.

आणि काटा. ज्यावरून साहेब हसले तो काटा. कोळंबी-पापलेट खाणाऱ्या माणसाला वाटतं माशाला एक मधला काटा असतो, तो काढला की झालं. आपल्या खवल्यांच्या माशाला मधल्या काट्याशिवाय मांसात सुटे बारीक काटे असतात, केसासारखे, टोकाला दुफाटी. ते पाठीकडे आणि शेपटाकडे दाट. पोटाच्या बाजूला फक्त बरगड्या, त्या मोठ्या, हाताला लागतात, काढता येतात. म्हणून पोटाचा तुकडा लहान लेकराला, पाहुण्याला. शेपटाचा तुकडा जाणत्याला. त्या रात्री आजीने बारावी झालेल्या नातवाला शेपूट दिलं याचा अर्थ असा, की एवढा जाणता झालास तर घे, काढ काटे.

या काट्यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही आपल्या घरात आहेत. पहिला, बारीक मासे निखाऱ्यावर भाजायचे, कडक होईपर्यंत, मग पाट्यावर मिरची, लसूण, मीठ घालून काट्यासकट ठेचायचे. भाकरीबरोबर खायचं, तोंडात काटा लागत नाही. दुसरा, आंबट. मृगात कैरी असते, नंतर चिंच. मडक्यात माशांचा थर, वर कैरीच्या फोडी, तिखट, हळद, मीठ, थोडं पाणी. तोंड झाकून निखाऱ्यावर ठेवायचं आणि विसरायचं. पळी घालायची नाही, मडकं धरून हलवायचं. पहाटेपर्यंत बारीक काटा मऊ होतो, दाताखाली बसतो. तिसरा, मोठ्या माशाला. तुकड्याच्या पाठीवर बोटाच्या एका पेरात पाच-सहा चिरा द्यायच्या, मधल्या काट्यापर्यंत, पण तुकडा सुटा करायचा नाही. चिरताना कोयत्याखाली काटे तुटतात त्याचा कर्रकर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर चीर उथळ. मग मीठ, तिखट, चिंचेचं पाणी लावायचं, नाचणीच्या पिठात घोळवायचं आणि तेल चांगलं तापल्यावर सोडायचं. तुटलेले काटे तळून कुरकुरीत होतात आणि जातात मांसाबरोबर. थंड तेलात सोडला तर मासा तेल पितो आणि काटा तसाच राहतो. वरचे जास्त झालेले मासे चुलीवरच्या मांडवीवर धुरात वाळवायचे, ते आषाढातल्या झडीत कामाला येतात.

हे मी इतकं सविस्तर का लिहिलं? रांधायला शिकवायला नव्हे, ते तुम्हाला येतं. दुफाटी काटा कुठे दाट आणि कुठे विरळ हे ज्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक आहे, ते घर या पाण्यावर किती पिढ्या जगलंय याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. चौकशीला आलेल्या साहेबाला हे सांगा. त्याला म्हणा, तुम्ही पण खाऊन बघा, आमच्या ताटातला मासा. पहिला घास घेतल्यावर तो घशाला हात लावील. पिढ्यांचा रहिवास पंचनाम्यात तिथल्या तिथे दिसेल.

आणखी एक. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावर आपली पोरं कुठल्या रंगात आहेत ते आपल्याला माहीत आहे. बारीक मासा काट्यासकट, डोक्यासकट खाल्ला तर हाडाला लागणारा चुना पोटात जातो. हे आता डॉक्टरही सांगतात. कटल्याचा एक मोठा तुकडा विकत आणला तर त्याचा काटा ताटाबाहेर जातो. तेव्हा ‘कचरा’ कुठला, ते त्या तक्त्याला विचारा.

आता आपल्या चुका. जिलेटिनच्या कांडीने डोह उडवणारे सगळे बाहेरचे नाहीत. ब्लीचिंग पावडर टाकणारी पोरं आपल्यातही आहेत. कांडी फुटली की पसाभर मोठे मासे हाती लागतात आणि अंडं, पिल्लू, खेकडा, बेडूक सगळं मरतं. दोन वर्षं त्या डोहात काही दिसत नाही. सुरुंग आणि विष दोन्ही १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहेत, आणि तो गुन्हा नसता तरी आपण थांबवायला हवं होतं. रामेठ्याची साल, गेळाची फळं हे म्हाताऱ्यांचं जुनं. ते आटत्या डबक्यापुरतं होतं, वाहत्या पाण्यात कधी नाही. तरी दाव्यात ते हक्क म्हणून लिहू नका. त्या एका ओळीवर अख्खा दावा फेकून देतील, आणि या वेळी ते बरोबर असतील.

चढणीच्या माशांवरून निसर्गप्रेमी मंडळी आपल्याला बोलतात. अंड्यावरचा मासा मारता, म्हणतात. बोलणं चूक नाही, पण ते महिने कुठले ते बघा. मृग-आर्द्रा. वीटभट्टी बंद, कोळसा बंद, ऊस संपलेला. हातात पैसा नाही, भात अजून पेरणीत. त्या महिन्यात कातकऱ्याला ओढ्याकडे जाऊ नको म्हणणाऱ्याने आधी त्याच्या घरी धान्य पोचवावं. आजीने सांगितलेला नेम मात्र मी दाव्यात लिहिला: चढणीच्या पहिल्या रात्रीचा मासा धरायचा नाही, आणि उन्हाळ्यात दोन डोह सोडून द्यायचे, तिथे पाग टाकायची नाही. घाटाखाली महाड तालुक्यात नदीच्या पात्रात वाळण कोंड आहे, तिथे देवीच्या नावाने मासा राखलाय, कोणी हात लावत नाही, मोठे मोठे मासे माणसाच्या हातचं खातात. राखायची रीत आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. पण ज्याचा हक्कच नाही त्याने राखायचं कशासाठी? आज मी डोह सोडला तर उद्या दुसरा येऊन कांडी टाकतो. हक्क कागदावर आला तर वस्ती त्याला अडवू शकते. कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला पाणलोट, पाणवठे जपायचा अधिकार दिलाय तो याच्यासाठी.

खरी गोष्ट पुढे आहे. दसऱ्याच्या आसपास मुकादम वस्तीत येतो. उचल देतो. ज्याने उचल घेतली तो कुटुंबासकट सहा-आठ महिने भट्टीवर, कुणी कर्नाटकात, कुणी कोकणात. पोरांची शाळा जाते. हिशेब कधी फिटत नाही. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने बंद झाली म्हणतात. उचल का घ्यावी लागते? कारण पावसाळा काढायचा असतो. पावसाळ्यात दुकानदाराचं देणं होतं, ते उचलीतून फिटतं. ज्या घराला पावसाळ्यात रोज मासा मिळाला, थोडा खाल्ला, थोडा वाईच्या बाजारात विकला, थोडा वाळवला, त्या घराचं दुकानदाराकडे देणं कमी. मुकादम आला तर ते घर ‘बघू’ म्हणू शकतं. या एका ‘बघू’ साठी माशाचा रकाना भरायचा आहे. प्लॉट मिळेल तेव्हा मिळेल, तो पिकायला आणखी तीन वर्षं. ओढा आज वाहतोय.

विरोधात दोन बोलणी येतील.

पहिलं, मोठ्या गावाचं. आपली वस्ती पंधरा-वीस घरांची, गाव तीनशे घरांचं. वनहक्क समिती गावाच्या ग्रामसभेत निवडली जाते. तिथे म्हणतील, मासे काय तुमचे एकट्याचे? आम्हीही धरतो. खरं आहे, धरतात. रविवारी, हौसेने. त्यांना म्हणायचं, दादा, तुमचं नाव पण घालू, सामूहिक दावा आहे, कुणाला हाकलायचं नाही. पण डोहांची नावं आम्ही सांगणार आणि नेम आम्ही ठरवणार. समितीत दहा ते पंधरा माणसं असतात, त्यात निदान दोन तृतीयांश आदिवासी पाहिजेत आणि एक तृतीयांश बाया. ती जागा मागून घ्या. आणि त्या बायांमध्ये मासा साफ करणारी बाई पाठवा, सरपंचाच्या घरातली नव्हे. भोई समाजाची माणसंही नदीवर आहेत, जाळं त्यांचा धंदा आहे. त्यांच्याशी भांडण लावून द्यायला पुष्कळ जण टपलेले आहेत. आधी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसा.

दुसरं बोलणं धरणाच्या पाण्याचं. ते पाणी पाटबंधारे खात्याचं, त्यातला मासा मत्स्यखात्याच्या ठेक्यावर. एका तलावावर ठेकेदाराच्या माणसाने आमच्या दोघांची जाळी काढून घेतली, होडीतला मासा पाण्यात ओतला. त्यात निम्मी चिलापी होती, जी ठेकेदाराने सोडलेलीच नव्हती. चिलापी १९५२ साली बाहेरून भारतात आणली आणि आता ती कुणी न सोडता सगळीकडे आहे. पण ठेका म्हणजे पाण्यातलं सगळंच त्याचं! याच्यावर वेगळं लढावं लागेल. हा कागद जंगलातल्या ओढ्यांचा आणि डोहांचा आहे, तो ठेक्यात अडकू देऊ नका. धरणासाठी मध्य प्रदेशातल्या तवा धरणाकडे बघा. तिथल्या विस्थापित आदिवासींनी ठेकेदारी हटवून १९९६ च्या अखेरीस अख्ख्या जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आपल्या मत्स्य संघाकडे घेतला. गावोगावच्या सोसायट्या, त्यांचा एक संघ. मासा त्यांनीच धरला, त्यांनीच विकला. पुढे तो टिकवायलाही त्यांना भांडावं लागलं. पण ठेकेदाराशिवाय धरण चालत नाही हे म्हणणं त्यांनी खोटं पाडलं. ते विस्थापित होते आणि त्यांच्यातही काहींचा सातबारा नव्हता.

आता काम. प्रत्येक वस्तीने आधीचा कागद परत घ्यावा. दिला असेल तर पुरवणी दावा द्यावा. डोह, कोंड, ओढा, चढणीची जागा, बांध घालायची जागा नावानिशी लिहा. कोणत्या महिन्यात, कशाने, कोण धरतं तेही लिहा. साठीच्या पुढच्या दोन माणसांचा जबाब घ्या, त्यात एक बाई असलीच पाहिजे. जबाबात ती कशी धरते एवढंच लिहू नका, कशी साफ करते आणि रांधते तेही लिहा. जबाबाशिवाय आणखी एक पुरावा लागतो. बांध घालायच्या जागेवरचे जुने दगड दाखवता येतील, तिथे जाऊन पंचनामा करा. सरकारी गॅझेटियरही पुरावा धरतात. सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर मोठ्या वाचनालयात असतं, त्यातली नद्यांची, माशांची आणि जातींची पानं पोरांनी उतरवून आणावीत.

‘निरंक’ लिहिणाऱ्या त्या पोराने आपला कागद फाडून नवा लिहिलाय. अकरा डोहांची नावं त्याच मोत्यासारख्या अक्षरात. धरणाखालचे चारही त्याने लिहिलेत. मी म्हटलं, ते कशाला, ते तर बुडाले. तो म्हणाला, आजीने सांगितलंय, लिहायचे.

पुढच्या बैठकीला येताना दाव्याचे कागद आणा आणि आपापल्या म्हाताऱ्या बाईला बरोबर आणा. तिचं गाडीभाडं संघटना देईल.